काय काय पाहिलें?

परगांवाहून परत आलेल्या मनुष्यास आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘खाण्यापिण्याचे हाल तर झाले नाहींत ना?’ आणि दुसरा, ‘काय काय पाहिलें?’ पहिल्याचें उत्तर आमच्या घरीं मातोश्री देतात व तें बरेंच लांबतें. दुसऱ्याचें उत्तर देण्याचें काम आमच्या दहा वर्षांच्या चिरंजिवांनीं आपल्याकडे घेतलें आहे, कारण प्रवासाची वही त्यांच्या ताब्यांत असते. दक्षिण आफ्रिकेंतील अरण्यांत आम्हीं काढलेल्या एका दिवसाची हकीकत मात्र ते रंगांत येऊन सांगूं लागतात आणि मध्येंच थांबतात. ऐकणाऱ्यास वाटतें, मुलगा लाजला. तो लाजत नाहीं. त्या थांबण्याचें कारण येथें सांगावयाचें आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत, मोझांबिकच्या सरहद्दीस लागून, क्रूगर नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. लांबी सुमारें ३६० किलोमीटर, रुंदी सरासरी ६५, आणि क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरांच्या घरांत. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबानें आपला पुणें जिल्हा त्यांत सबंध मावून वर जागा उरेल. यांतील साबी व क्रोकोडाइल या दोन नद्यांमधील मुलूख १८९८ सालीं अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या सरकारनें शिकारीस बंद केला. बोअर युद्धानंतर, १९०२ मध्यें, जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नांवाचा एक लष्करी अधिकारी तेथें मुख्य रक्षक म्हणून आला आणि थोड्याबहुत खंडानें १९४६ पर्यंत त्यानें तें काम सांभाळलें. ३१ मे १९२६ रोजीं त्या अरण्याचें राष्ट्रीय उद्यान झालें. पुढच्या वर्षीं प्रवाशांच्या मोटारी प्रथम आंत आल्या. साऱ्या वर्षांत मिळून तीन. आज स्कुकुझा या मुख्य छावणीच्या फाटकाशीं पहाटे उभ्या राहणाऱ्या रांगेंत त्या तिन्ही कोठल्या कोठें हरवून जातील. स्कुकुझा हें तेथील त्सोंगा लोकांनीं या हॅमिल्टनसाहेबास दिलेलें टोपण नांव. ‘सारें झाडून साफ करणारा’ असा त्याचा अर्थ सांगतात. चोरट्या शिकाऱ्यांबरोबर पूर्वापार तेथें राहत असलेल्या माणसांनाहि त्यानें बाहेर काढलें होतें, तेव्हां हें नांव निवळ कौतुकानें पडलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या उद्यानाची मौज अशी कीं, तेथें वाटाड्या घेतलाच पाहिजे असें नाहीं. आपली मोटार आपण हांकावी, नकाशा मांडीवर पसरावा आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत हवें तिकडे फिरावें. मोटारी आपल्याकडल्याप्रमाणें रस्त्याच्या डाव्या अंगानेंच चालतात, त्यामुळें हात चुकत नाहीं. नियम थोडे, पण कडक आहेत. डांबरी रस्त्यावर वेग ताशीं ५० किलोमीटर, मातीच्या रस्त्यावर ४०. नेमून दिलेल्या जागांवांचून गाडींतून उतरावयाचें नाहीं, खिडकीबाहेर अंग काढावयाचें नाहीं, कोणत्याहि जनावरास खावयास घालावयाचें नाहीं. आणि संध्याकाळीं फाटक मिटण्यापूर्वीं छावणींत परत यावयाचें. मे महिन्यांत फाटक सकाळीं सहाला उघडतें व सायंकाळीं साडेपांचला बंद होतें. उशीर केला तर दंड.

भाड्याच्या मोटारींत आम्ही पांच जण होतों. सारथ्य सौभाग्यवतींकडे होतें. आम्ही त्यांच्या शेजारीं नकाशा घेऊन बसलों होतों. घरांतहि कामाची वांटणी साधारण अशीच आहे. मागें मधोमध आई, तिच्या एका बाजूस दुर्बीण घेतलेली थोरली व दुसऱ्या बाजूस वही घेतलेला धाकटा. आईनें पहाटे चहा घेतला नाहीं. ‘मध्यें उतरायचें नाहीं म्हणतां, मग आधींच जपलेलें बरें,’ असें ती म्हणाली. अरण्यांत जातांना काय काय बरोबर घ्यावें याच्या याद्या आम्हीं पुष्कळ वाचल्या होत्या. त्यांपैकीं एकींतहि इतकी उपयुक्त सूचना नव्हती.

निघण्यापूर्वीं छावणींतील नकाशापाशीं थांबलों. प्रत्येक मोठ्या छावणींत असा एक नकाशा भिंतीवर असतो. ज्याला जें जनावर जेथें दिसलें, त्यानें त्या ठिकाणीं त्या रंगाची खूण लावावी, म्हणजे मागून येणाऱ्यास अंदाज बांधतां येतो. सिंहाच्या खुणा होत्या, बिबळ्याच्या होत्या, हत्तींच्या व रानरेड्यांच्या तर होत्याच. धाकट्यानें सगळ्या खुणा मोजल्या आणि म्हणाला, ‘बाबा, गेंड्याची नाहींच. हरवली वाटतें.’ आम्ही ‘हो, हरवली असेल’ म्हणून मोकळे झालों.

बाहेर चांगलीच थंडी होती. आपल्याकडे मे महिना म्हणजे अंगाची लाही. विषुववृत्ताच्या खालीं तोच हिवाळ्याचा आरंभ. गवत पिवळें पडूं लागलें होतें आणि झुडपें विरळ होऊं लागलीं होतीं. पाहणाऱ्याच्या दृष्टीनें हाच काळ चांगला, कारण दूरचीं डबकीं आटलीं कीं जनावरें नदीकांठीं येतात. आम्ही साबी नदीच्या कडेकडेनें लोअर साबी छावणीकडे जाणारा रस्ता धरला. अंतर सुमारें ४५ किलोमीटर. घाट नाहीं, खड्डा नाहीं, तरी हें अंतर काटावयास आम्हांस साडेपांच तास लागले.

पहिल्या अर्ध्या तासांत इंपाला दिसले. तांबूस अंगाचीं, सडपातळ, पाय मोजून टाकणारीं हरणें. ‘थांबा, थांबा!’ असा मागून गलका झाला, आणि गाडी थांबवून आम्हीं एकूण बावीस छायाचित्रें काढलीं. पुढल्या वळणावर चाळीस इंपाला. त्यापुढें शंभर. या उद्यानांत त्यांची संख्या लाखाच्या वर आहे, हें तोंवर आम्हांस ठाऊक नव्हतें. नऊ वाजतांना रस्ता ओलांडणाऱ्या कळपासाठीं गाडी थांबली, तेव्हां तेच धाकटे चिरंजीव म्हणाले, ‘इंपालाच आहेत, चल आई.’ इतक्या सुंदर प्राण्याचा इतक्या थोड्या वेळांत कंटाळा येऊं शकतो, याची आम्हांस थोडी शरम वाटली. पण आम्हीहि पुढेंच पाहत होतों.

मनुष्यस्वभावाची खरी गंमत या रस्त्यांवर दिसते. समोरून येणारी मोटार मंदावते, दोन्हीकडच्या कांचा खालीं होतात, आणि ज्याला जन्मांत पाहिलें नाहीं असा मनुष्य हंसून विचारतो, ‘काय काय पाहिलें?’ आपण सांगावें, त्यानें सांगावें, आभार मानावे आणि पुढें जावें. येथें पैशाचा व्यवहार नाहीं, ओळख नाहीं, आपलें नांव गांव कोणी विचारीत नाहीं. पाहिलेलें सांगणें हेंच काय तें तेथील चलन. तें धाकट्यास फार आवडलें. खिडकीशीं गाडी येतांच तो वही उघडी, आणि त्याची शाळेंतली इंग्रजी इतकी धीटपणें चालूं शकते हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. ‘झेब्रे अकरा, जिराफ तीन, नदींत हत्ती एकवीस,’ असें तो वेळेसकट सांगे. लोक त्याचे गंभीरपणें आभार मानीत.

अशांतच एका जुन्या पांढऱ्या मोटारींतील म्हातारा-म्हातारीची गांठ पडली. त्यांच्या मागच्या आसनावर त्यांचा नातू होता. पुढचे दोन दांत पडलेला, आमच्या धाकट्याहून वर्ष-दोन वर्षांनीं लहान. म्हाताऱ्यानें हातानें वळण दाखवून सांगितलें, ‘दोन किलोमीटरांवर डाव्या अंगास एक मोठें झाड आहे. तिसरी फांदी पाहा. घाई करूं नका, तो कोठें जात नाहीं.’ मग नातवाकडे बोट करून म्हणाला, ‘याची ही पहिली खेप. सगळें दिसलें, एक गेंडाच काय तो राहिला.’ नातवानें त्या दोन दांतांच्या खिडकींतून आमच्याकडे पाहून हंसून दाखविलें.

झाड सांपडलें. तिसरी फांदी सांपडली. पण बिबळ्या सांपडण्यास आणखी दहा मिनिटें लागलीं, इतका तो पानांच्या सावलींत मिसळून गेला होता. फांदीच्या दुबेळक्यांत मारलेलें इंपाला अडकविलेलें होतें आणि त्याच्या वर, चारी पाय दोन्हीकडे सोडून, तो पडला होता. आईस दुर्बिणींतून नुसतें शेपूट दिसलें. ‘देवळांतल्या घंटेची दोरी लोंबावी तसें आहे,’ ती म्हणाली, आणि तेवढ्यावर समाधान पावली. त्या म्हाताऱ्यानें सांगितलें नसतें, तर या झाडाखालून आम्ही ताशीं पन्नासच्या वेगानें निघून गेलों असतों.

सिंहाची गोष्ट थोडक्यांत आटोपतों, कारण ती थोडकीच आहे. वीस-पंचवीस मोटारी आडव्यातिडव्या उभ्या होत्या, प्रत्येकजण शेजाऱ्याची दृष्टि जेथें आहे तेथें पाहत होता, आणि शेजारी आमच्याकडे पाहत होता. शेवटीं एका झुडपाखालीं गवतांत एक कान हलला. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास झोंपून काढतो असें म्हणतात, आणि हा त्या नियमास अपवाद नव्हता. सिंह, बिबळ्या, हत्ती, रानरेडा आणि गेंडा या पांचांना तेथें ‘बिग फाइव्ह’ म्हणतात. हें नांव शिकाऱ्यांनीं पाडलेलें. पायीं शिकार करतांना ज्यांच्याकडून जिवास सर्वांत अधिक धोका, ते हे पांच. बंदुका जाऊन कॅमेरे आले, तरी यादी तीच राहिली, आणि ती पुरी करण्याची हांवहि तीच. धाकट्यानें वहींत लिहिलें, ‘सिंह, एक (कान).’

मध्यें नदीकांठीं न्कुह्लू म्हणून उतरावयाची परवानगी असलेली एक जागा आहे. आईनें तेथें प्रथम चहा घेतला. सौ.नीं दशम्या आणि लसणीची चटणी काढली. डोक्यावर प्रचंड उंबर होते; जात आफ्रिकेची, आपली नव्हे, पण फळें तशींच खोडाला लगडलेलीं. आईनें पाहतांच हात जोडले. ‘आजी, इथें कुठले दत्त?’ थोरलीनें विचारलें. ‘उंबर आहे ना? मग तेहि असतील,’ असें म्हणून तिनें दशमीचा तुकडा मोडला, तोंच वरून एक काळ्या तोंडाचें लहानसें माकड उतरलें आणि तिच्या हातची दशमी घेऊन परत त्या उंबरावर गेलें. महाबळेश्वरास हा प्रकार तिनें पाहिलेला होता, त्यामुळें ती रागावली नाहीं. चटणी लावावयाची राहिली, याचेंच तिला वाईट वाटलें.

लोअर साबीजवळच्या तळ्यावर पाणघोडे व मगरी पाहून दुपारीं आम्ही परत फिरलों आणि मुख्य रस्ता सोडून आडवाटेस लागलों. ती वाट कोणती, डांबरी कीं मातीची, नदीच्या अलीकडची कीं पलीकडची, हें आम्ही येथें सांगणार नाहीं.

प्रथम वाटलें मातीचा ढिगारा आहे. मग ढिगाऱ्याचा कान फिरला. सौ.नीं गाडी हळूच थांबविली व इंजिन बंद केलें. रस्त्यापासून पंचवीस-तीस पावलांवर गेंड्याची मादी चरत होती आणि तिच्या पुढें तिचें पिलूं. पांढरा गेंडा म्हणतात तो हा. रंग पांढरा मुळींच नाहीं, काळ्या म्हणविणाऱ्या गेंड्यासारखाच मातकट करडा आहे. काळा गेंडा टोंकदार ओंठानें झुडपांचीं पानें ओढतो, आणि हा रुंद, सपाट ओंठानें गवत कापीत जातो. पांढऱ्याचें पिलूं आईच्या पुढें चालतें, काळ्याचें मागें, अशी तेथील लोकांची खूण आहे. पाठीवर लाल चोचीचे दोन पक्षी गोचिडी वेंचीत बसले होते. वारा आमच्याकडे येत होता, म्हणून तिला आमचा वास लागला नसावा. दृष्टि तर गेंड्यास बेताचीच.

इंजिन थांबल्यावर गवत तुटण्याचा आवाज ऐकूं येऊं लागला. कुर्र, कुर्र, असा एकसारखा. आईचें बालपण कोंकणांत गेलें आहे. ती डोळे मिटून म्हणाली, ‘गोठ्यांत बसल्यासारखें वाटतें.’ पुढें वीस मिनिटें कोणी बोललें नाहीं. आमच्या कुटुंबांत ही गोष्ट सहसा घडत नाहीं.

मग मादीनें डोकें वर केलें आणि धाकटा कुजबुजला, ‘बाबा, तिचें शिंग कुठें आहे?’

नाकावर शिंगाच्या जागीं दोन सपाट बुडखे होते, करवतीनें कापलेल्या लांकडासारखे. पिलाच्या नाकावर मात्र बोटभर कोंवळा कोंब होता. थोरलीनें येण्यापूर्वीं याविषयीं वाचलें होतें. ती हळू आवाजांत सांगूं लागली. शिंग चोरांनीं नव्हे, उद्यानाच्या पशुवैद्यांनींच कापलें आहे. जनावरास गुंगीचें औषध देऊन, जिवंत भाग सोडून, वरचें शिंग कापून घेतात. तें आपल्या नखांसारख्याच द्रव्याचें असतें, त्यामुळें दुखत नाहीं आणि पुन्हां वाढतें. दीड-दोन वर्षांनीं पुन्हां कापावें लागतें. शिंगच नसेल तर त्यासाठीं कोणी जीव घेणार नाहीं, एवढीच आशा. शिंगाच्या देशोदेशींच्या व्यापारास १९७७ पासून बंदी आहे, तरी पूर्वेकडील देशांत औषध म्हणून आणि श्रीमंतीची खूण म्हणून त्यास चोरट्या बाजारांत अफाट किंमत येते. त्या किंमतीचा कणभर भाग ज्यास मिळतो, तो आसपासच्या एखाद्या गरीब गांवांतला पोरगा बंदूक घेऊन रात्रीं आंत शिरतो. त्यास अडविणारा रक्षकहि बहुधा तशाच गांवांतला असतो.

‘आधीं किती होते?’ धाकट्यानें विचारलें. आंकडे आम्हीं पाहिलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागांतील पांढरे गेंडे शिकाऱ्यांनीं पार संपविले होते. १९६१ पासून नाताळ प्रांतांतून उरलेल्यांपैकीं कांहीं आणून येथें पुन्हां सोडले, आणि त्यांची वाढ होत होत २०१० च्या सुमारास दहा हजारांवर गेंडे झाले. मग चोरट्या शिकारीची लाट आली, मध्यें दुष्काळहि पडला. २०२० च्या अखेरच्या गणतींत पांढरे २,६०७ भरले व काळे २०२. दहा वर्षांत चारांतले तीन गेले. आपल्याकडे आसाम सरकारनें २०२१ सालीं गेंड्यांचीं २,४७९ शिंगें जाहीररीत्या जाळलीं, तें याचसाठीं; त्यांची किंमत राखेइतकीच आहे हें जगाला दिसावें म्हणून.

थोरलीनें छायाचित्र काढण्यापूर्वीं भ्रमणध्वनींतील ठिकाण नोंदविण्याची सोय बंद केली. ‘फोटोबरोबर जागाहि जाते,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर फळ्यावर गेंड्याची खूण लावत नाहींत.’

‘म्हणजे हरवली नव्हती,’ धाकटा म्हणाला, आणि आमच्याकडे जरा रोखून पाहिलें.

पिलूं पुढें, आई मागें, अशीं तीं दोघें झुडपांत गेलीं. आम्ही निघालों. पांच मिनिटेंहि झालीं नसतील, समोरून जुनी पांढरी मोटार आली.

कांचा खालीं झाल्या. बिबळ्या दिसला का, म्हाताऱ्यानें विचारलें. दिसला, आम्हीं आभार मानले. मग त्यानें रोजचा प्रश्न विचारला. ‘आणखी काय काय पाहिलें? या वाटेवर कांहीं?’ मागच्या खिडकींतून दोन दांतांची ती फट आमच्याकडे पाहत होती. धाकट्यानें वही उघडली होती. पण त्यानें तोंड उघडण्यापूर्वीं आम्हीं उत्तर दिलें, ‘हत्ती. पुष्कळ हत्ती.’

खोटें नव्हतें. सकाळीं नदींत एकवीस हत्ती पाहिले होते.

म्हाताऱ्यानें हात वर केला, नातवानेंहि केला. आमच्या धाकट्यानें केला नाहीं. वही मिटून तो बाहेर पाहत बसला. बऱ्याच वेळानें म्हणाला, ‘त्यांनीं आपल्याला बिबळ्या सांगितला होता.’

आम्हीं पुष्कळ समजाविलें. त्यांनीं दुसऱ्यास सांगितलें असतें, दुसऱ्यानें तिसऱ्यास, संध्याकाळपर्यंत ती जागा दहा गाड्यांना कळली असती, आणि अकराव्यांत कोण बसलें असेल तें कोणास ठाऊक. त्यानें सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘पण ते आजोबा चोर नाहींत ना?’ नाहींत, आम्ही म्हणालों. ‘मग?’

सौ. रस्त्यावरची नजर न हलवितां म्हणाल्या, ‘चोर कोण आणि साव कोण, हें आपण तोंडावरून ठरवूं लागलों तर अधिक वाईट. म्हणून कुणालाच सांगायचें नाहीं.’ हें उत्तर आमच्यापेक्षां बरें होतें. तरी मागून आईचा आवाज आला, ‘धर्मराजानेंहि हत्तीच पुढें केला होता.’

अश्वत्थाम्याची गोष्ट तिनेंच नातवाला सांगितलेली आहे. धाकटा लगेच वळला. ‘आणि मग त्याचा रथ चार बोटें खालीं आला, हो ना आजी?’

‘आला.’

‘आपली गाडी पहिल्यापासून जमिनीवरच आहे,’ सौ. म्हणाल्या, ‘आणि ती साडेपांचाच्या आंत फाटकांत न्यायची आहे.’

पण तें त्यांच्या हातीं नव्हतें. पावणेपांचच्या सुमारास, फाटक अद्याप बरेंच दूर असतां, वळणावर रस्त्याच्या मधोमध हत्ती उभा होता. एकटा, नर, आणि दोन्ही गंडस्थळांवरून मदाचे काळे ओघळ गालापर्यंत उतरलेले. आमच्याकडे तोंड करून त्यानें कान पसरले. सौ.नीं क्षणाचाहि विलंब न लावतां गाडी मागें घेतली. हत्ती चालूं लागला. गाडी मागें, हत्ती पुढें, अशा रीतीनें सुमारें तीनशें मीटर आम्हीं फाटकाच्या उलट दिशेनें प्रवास केला. मग तो थांबला, कडेचें एक झाड निवडलें आणि सावकाश सोलूं लागला. घड्याळाचा कांटा पुढें सरकत होता. जवळून निघून जाण्यापुरती जागा होती असें आम्हांस वाटलें, आणि आम्हीं तसें सुचविलेंहि. सौ.नीं आमच्याकडे पाहिलें. तो विषय तेथेंच संपला. उद्यानांत पहिला हक्क जनावराचा, मोटारीचा नंतर. हें फाटकावर मिळालेल्या कागदांत आम्हीं स्वतःच मोठ्यानें वाचून दाखविलें होतें.

‘पुष्कळ हत्ती म्हणालांत ना बाबा,’ धाकटा मागून म्हणाला. त्याच्या आवाजांत भीति होती, पण थोडें समाधानहि होतें. आई तोंडांत पुटपुटत होती. बहुधा गणपतीचें कांहीं असावें.

वीस मिनिटांनीं त्यानें झाड सोडलें, सोंडेनें अंगावर धूळ उडविली आणि आम्ही तेथें नाहींच असें समजून झुडपांत शिरला. पुढील अंतर पन्नासच्या वेगानें, पन्नासच्या वर कांटा एकदांहि न जाऊं देतां, आम्हीं कापलें. पांच वाजून सव्वीस मिनिटांनीं फाटकांत शिरलों.

छावणींतील नकाशापाशीं सकाळच्याप्रमाणेंच गर्दी होती. धाकट्यानें बिबळ्याची खूण लावली, सिंहाची लावली, हत्तीची तर त्या वळणावर नेमकी लावली. मग बराच वेळ तो पांढरी मोटार कोठें दिसते का पाहत उभा राहिला. ती त्या छावणींत उतरलेली नव्हती. एका दिवसासाठीं आलेलीं माणसें असावींत, दुसऱ्या कोणत्या तरी फाटकानें बाहेर पडलीं असतील. तीं दिसतीं तर तो त्यांना काय सांगणार होता, हें आम्हीं विचारलें नाहीं.

आम्हीं सांगितलें नाहीं तें योग्य केलें, असें आमचें आजहि मत आहे. पण हत्ती सांगावयास नको होते. ‘सांगतां येत नाहीं’ एवढेंच म्हणणें खरेपणाचें झालें असतें. मात्र तेवढ्यावरून तो म्हातारा सारें समजला असता आणि गाडी त्या वाटेस घातली असती. या पेंचांतून तिसरी वाट कोणती, हें आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं. सौ. म्हणतात, तिसरी वाट शोधावयास वेळ असता तर धर्मराजालाहि सुचली असती.

वहीच्या त्या पानावर सकाळच्या सहापासूनच्या नोंदी आहेत. झेब्रे, जिराफ, सिंह एक (कान), बिबळ्या एक, दशमी चोरणारें माकड एक. दुपारीं तीन वाजून दहा मिनिटें, एवढी वेळ लिहून पुढची ओळ कोरी ठेवलेली आहे, आणि खालीं पुन्हां हत्ती. पाहुणे आले कीं तो त्या ओळीपर्यंत येतो, थांबतो आणि पान उलटतो. परवां रात्रीं झोंपण्यापूर्वीं त्यानें आईस विचारलें, ‘आजी, त्या मुलाला दुसरीकडे कुठें दिसला असेल का गं गेंडा?’ आईनें त्याच्या अंगावर पांघरूण घातलें आणि ‘दिसला असेल रे’ असें म्हणाली.